तळोज्यात कॅमेरे, नौपाड्यात रेकॉर्डर आणि मधे दोन जीबीचं सिम

गोदाम तळोजा एमआयडीसीत, ऑफिस ठाण्यात नौपाड्याला. कॅमेरे बसवणाऱ्याच्या कोटेशनमध्ये काम एका ओळीत उरकलेलं: आठ कॅमेरे गोदामात, एनव्हीआर (त्यांचं चित्र साठवणारा रेकॉर्डर) ऑफिसात, ३० दिवसांचं रेकॉर्डिंग, ‘स्टॅटिक आयपीसह’. स्टॅटिक आयपी म्हणजे इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता. पैसे चुकते झाले. दोन महिन्यांनी गोदामातून तांब्याच्या केबलची बंडलं गेली, आणि दुपारी तीनचं फुटेज काढायला बसल्यावर कळलं की दुपारी तीनचं फुटेज एकाही दिवसाचं नाही.

टाइमलाइन उघडली की लबाडी डोळ्यांसमोर येते. रोज रात्री बाराला हिरवी पट्टी सुरू होते, साडेबाराच्या आसपास तुटते, पुढे दुसऱ्या रात्री बारापर्यंत सगळं कोरं. गोदामातल्या राउटरमध्ये साधं प्रीपेड सिम होतं, रोज २ जीबीचं. त्याचा डेटा मध्यरात्री नव्याने मिळतो. आता हिशेब करा. २ मेगापिक्सेलचा एक कॅमेरा एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) वर २ एमबीपीएस घेतो असं धरलं, तर आठांचे १६ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला २ एमबी. दोन जीबी सतरा मिनिटांत संपतात. सिमचा अपलोड तेवढा नव्हताच, म्हणून पट्टी अर्धा तास टिकली. तीही राखाडी चट्ट्यांची, कारण डेटाचे तुकडे, म्हणजे पॅकेट, वाटेत गळत होते. डेटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्यात एक कॅमेराही धड चालत नाही.

मग दोन महिने कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? इथेच खरी मेख आहे. बसवणाऱ्याने डेमो गोदामातच दिला होता. रेकॉर्डर कॅमेऱ्यांच्याच पीओई स्विचला (केबलमधूनच कॅमेऱ्यांना वीजही देणाऱ्या डब्याला) लावलेला, चित्र काचेसारखं स्वच्छ, प्लेबॅकही चोख. सही घेतली, बाकी वसूल केली, आणि मग ‘आता फक्त ऑफिसच्या नेटला लावायचा’ म्हणून तोच डबा नौपाड्याला नेला. मालक रोज मोबाइलवर ॲप उघडायचे. त्या आठ चौकटींत दिसतो तो बहुतेक वेळा शेवटचा साठवलेला फोटो असतो. चौकटीवर टिचकी मारून कोपऱ्यातलं घड्याळ पुढे सरकतंय का, हे कोण बघतं? आणि अडकलंच तर उत्तर तयार: ‘तळोज्यात रेंज नाही, शेठ.’

बिलात ‘स्टॅटिक आयपी, वार्षिक’ अशी ओळ होती आणि त्यापुढे चार आकडी रक्कम. दुकानातून आणलेल्या प्रीपेड सिमवर स्टॅटिक आयपी मिळत नाही. त्यासाठी मोबाइल कंपनीकडून वेगळं कॉर्पोरेट कनेक्शन घ्यावं लागतं. हे तपासायला दोन मिनिटं पुरतात. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरला मोबाइल कंपनीने दिलेला पत्ता, बघा. तो १० ने किंवा १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर एकच पब्लिक पत्ता कंपनीने अनेक ग्राहकांत वाटलाय. बाहेरून तुमच्या कॅमेऱ्यापर्यंत वाटच नाही, राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आत यायची वाट उघडणं) कितीही करा. इथे कॅमेरे क्लाउड आयडीने, म्हणजे कॅमेरा कंपनीच्या सर्व्हरमार्फत, रेकॉर्डरला जोडून वेळ मारून नेली होती. अधूनमधून लाइव्ह डोकावायला ती सोय ठीक. आठ कॅमेऱ्यांचं चोवीस तास रेकॉर्डिंग तिच्यावर टाकणं म्हणजे रिक्षातून कंटेनरचा माल न्यायचा.

डिस्कची गोष्टही तशीच. १६ एमबीपीएसने दिवसाला सुमारे १७३ जीबी लिहिले जातात, ३० दिवसांना ५.२ टीबी. लावलेली डिस्क ४ टीबीची, म्हणजे सगळं नीट चाललं असतं तरी तेवीस दिवसच. ‘नवी’ म्हणून दिलेल्या डिस्कच्या स्मार्ट माहितीत (डिस्क स्वतःच ठेवते त्या नोंदीत) पॉवर-ऑन अवर्स, म्हणजे चालू राहिल्याचे तास, १९,००० च्या पुढे होते. दोन वर्षं कुठेतरी अखंड फिरून आलेली. हा आकडा बऱ्याच रेकॉर्डरच्या मेनूतच दिसतो.

मागच्या गेटवरचा कॅमेरा अंधार पडला की बंद पडायचा आणि सकाळी आपोआप सुरू व्हायचा. स्विचपासून केबल ९० मीटर. तारेचं टोक ब्लेडने खरवडलं, तर वरचा तांबूस मुलामा गेला आणि आतून पांढरं ॲल्युमिनियम निघालं. अशा तारेचा रोध तांब्यापेक्षा बराच जास्त. रात्री कॅमेऱ्याचे अंधारात बघायचे आयआर (इन्फ्रारेड) दिवे लागले की करंट वाढतो, व्होल्टेज बसतं आणि कॅमेरा रीस्टार्ट होत राहतो. बिलात मात्र ‘प्युअर कॉपर कॅट ६’.

मुळात अशा जागी डिस्कवाला रेकॉर्डर गोदामातच हवा, कुलूपबंद रॅकमध्ये, यूपीएसवर. ऑफिसला फक्त सबस्ट्रीम, म्हणजे कॅमेऱ्याचं कमी दर्जाचं हलकं चित्र, न्यायची: कॅमेऱ्यामागे २५६ केबीपीएस धरले तर आठांना २ एमबीपीएस, जे साधं फायबर कनेक्शन सहज पेलतं. पब्लिक आयपी एकाच टोकाला, ऑफिसात, घ्यायचा आणि गोदामाच्या राउटरने तिकडे वायरगार्डचा (व्हीपीएनचा, म्हणजे दोन जागा जोडणाऱ्या खाजगी वाटेचा) बोगदा काढायचा. आतून बाहेर जाणारी जोडणी असल्याने सिमचा सामाईक पत्ताही आड येत नाही. दोन्हीकडे आतल्या आयपी पत्त्यांची १९२.१६८.१ हीच मालिका ठेवू नका, नाहीतर बोगदा जोडलेला दिसतो पण कॅमेरा सापडत नाही; एका टोकाला १९२.१६८.१०, दुसऱ्याला १९२.१६८.२० करा. कॅमेऱ्याचं चित्र देणारं आरटीएसपीचं ५५४ पोर्ट इंटरनेटवर उघडं टाकणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा. मुख्य रेकॉर्डर ऑफिसातच हवा असा हट्ट असेल, तर कॅमेऱ्यात मेमरी कार्ड आणि नेट परत आल्यावर मधलं फुटेज ओढून घेणारा रेकॉर्डर, दोन्ही लागतात. ती सोय सहसा एकाच ब्रँडच्या जोडीत चालते. आणि जागेवर संध्याकाळी अपलोड मोजून घ्या. जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा डाउनलोडचा असतो.

बिलाचे शेवटचे तीस टक्के, रेकॉर्डर त्याच्या कायमच्या जागी बसल्यावर तीन दिवसांनीच द्या. त्या दिवशी मधल्या दिवसाचे दुपारी तीन वाजलेले सगळ्या कॅमेऱ्यांवर प्लेबॅकमध्ये बघा, मग गोदामातल्या राउटरची पिन दहा मिनिटं काढून ठेवा आणि तेवढा तुकडा रेकॉर्डिंगमध्ये आहे का तपासा. रेकॉर्डरचं घड्याळ एनटीपीवर, म्हणजे इंटरनेटवरून आपोआप जुळणाऱ्या वेळेवर, लावून घ्या. चोरीचं फुटेज कोर्टात न्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, आणि रेकॉर्डरची वेळ वीस मिनिटं मागे असली की समोरचा वकील तिथेच बोट ठेवतो. खरेदी एप्रिल २०२५ नंतरची असेल, तर कॅमेऱ्यावरचा आर नंबर (भारतीय मानक ब्युरो, म्हणजे बीआयएसचा नोंदणी क्रमांक) खरा आहे का, ते बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा.

कॅमेऱ्यांचा आणि रेकॉर्डरचा पासवर्ड हातात आला तरी काम संपत नाही. या गोदामात आठही कॅमेऱ्यांच्या क्लाउड आयडी बसवणाऱ्याच्याच मोबाइल नंबरवर नोंदलेल्या होत्या. मालकांनी स्वतःच्या खात्यात जोडायला घेतलं, तर ॲप सांगतं की हे उपकरण आधीच दुसऱ्या खात्याला जोडलेलं आहे. ते सोडवायला तो पाच हजार मागत होता.