पंचांनो, कोऱ्या व्हाउचरवर सही करू नका

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरात झालेल्या तलवारबाजीच्या खुल्या स्पर्धेत मी आणि आणखी काही जणांनी पंच म्हणून काम केलं. मानधन अजून मिळालेलं नाही. त्याहून वाईट म्हणजे कागदोपत्री ते आम्हाला मिळालेलं आहे, तेही आमच्या सह्यांनिशी. हेच आयोजक पुन्हा स्पर्धा घेणार आहेत आणि नुकतीच पंच परीक्षा पास झालेल्या मुलामुलींना फोन जायला लागलेत, म्हणून हे लिहिते आहे.

बोलावणं फोनवरच आलं. "मॅडम, रोजचे दीड हजार, एसटीचं भाडं वेगळं, राहणं-जेवण आमच्याकडे." नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर जो मेसेज आला त्यात मात्र रक्कम नव्हती, "पंचांना योग्य मानधन देण्यात येईल" एवढंच. हा फरक लक्षात ठेवा. तोंडी सांगितलेला आकडा मेसेजमधून गळतो तो काही घाईघाईत राहून गेलेला नसतो.

हे काम किती असतं ते पालकांना आणि प्रायोजकांना बहुधा माहीतच नसतं. सात जणांच्या एका पूलमध्ये, म्हणजे गटात, प्रत्येक जण प्रत्येकाशी लढतो, अशा २१ बाउट म्हणजे लढती होतात. प्रत्येक बाउट पाच टचची (हत्याराचा स्पर्श म्हणजे एक गुण) किंवा तीन मिनिटांची, आणि दर वेळी थांबवलं की घड्याळही थांबतं. म्हणजे एका पूलला दोन तास सहज जातात, सगळे उभ्याने. बाउटच्या आधी हत्याराच्या टोकावर वजन ठेवून बघायचं, फॉइलला ५०० ग्रॅम, एपीला ७५० (फॉइल, एपी आणि सेबर ही तलवारबाजीची तीन हत्यारं). टोकाने ते उचललं नाही तर पिवळं कार्ड. पूल संपले की डायरेक्ट एलिमिनेशन (हरला तो बाद), १५ टचच्या लढती. टच लागला की मशीनवर त्या खेळाडूचा दिवा लागतो. एपीत निदान दोन्ही दिवे लागले तर दोघांनाही टच मिळतो. फॉइल आणि सेबरमध्ये तसं नाही. हल्ला कुणाचा होता, पॅरी (अडवणूक) लागली का, रिपोस्ट (अडवल्यावरचा उलट वार) वेळेत आला का, हे पंचाने त्याच क्षणी ठरवायचं आणि हाताच्या खुणांनी सांगायचं. मोठ्या स्पर्धांत व्हिडिओ बघता येतो. इथे पंचाचे डोळे हाच पुरावा. त्या स्पर्धेत मुलींच्या फॉइलची एक उपांत्य लढत माझ्याकडे होती. १४-१४ ला दोन्ही दिवे लागले. मी डावीकडच्या मुलीचा हल्ला दिला आणि उजवीकडच्या मुलीचे वडील थेट पिस्टच्या (लढतीच्या पट्टीच्या) कडेला येऊन माझ्यावर ओरडायला लागले. आयोजकांपैकी एकजणही मध्ये पडला नाही. त्या वडिलांना शांतपणे मागे पाठवून निकाल लिहायचा, हेही दीड हजारांतच आलं.

आता व्हाउचरचं. रविवारी दुपारी, उपांत्य फेऱ्या सुरू होण्याआधी, एक मुलगा पॅड घेऊन माझ्या पिस्टपाशी आला. "ताई, हिशेबाला सही लागते. नंतर बक्षीस समारंभाची गर्दी होईल, आत्ताच करून टाका." कागदावर माझं नाव होतं, स्पर्धेचं नाव होतं, रकमेची जागा कोरी होती आणि एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट आधीच चिकटवलेलं होतं. ते तिकीट पाच हजारांच्या वरच्या पावतीला लागतं. आमचे दोन दिवसांचे होत होते तीन हजार. एसटीची मूळ तिकिटंही त्याच मुलाने गोळा करून नेली. पुढचा खेळाडू मास्क घालून उभा असतो, स्कोअरशीट हातात असते, तेव्हा कुणी वाद घालत बसत नाही. वेळ मुद्दाम तीच निवडलेली असते.

संध्याकाळी आयोजक सर म्हणाले, स्पॉन्सरचा चेक सोमवारी वटेल, मंगळवारी सगळ्यांना जीपे करतो. मग बँकेची सुट्टी आली, मग सर गावाला गेले, मग अकाउंटंट आजारी पडला. पंचांचा ग्रुप "फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात" असा झाला. सगळ्यात लहान होते त्यांना हजार-हजार रुपये पाठवले, "टीडीएस आणि जेवणाचे वजा करून" म्हणे. म्हणजे ते गप्प बसतील आणि आम्ही मोठे एकटे पडू.

टीडीएसवर, म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापून सरकारकडे भरायच्या करावर, इथे जरा थांबते, कारण या शब्दाला मुलं घाबरतात. पंचांच्या मानधनावर टीडीएस कापला जातो हे खरं आहे, पण त्याला वर्षाची मर्यादा आहे आणि तीन हजार तिच्या जवळपासही जात नाहीत. कापलाच असेल तर तो तुमच्या पॅनवर जमा दिसायला हवा. आमच्यातल्या एकाचाही पॅन कुणी मागितला नव्हता. इन्कम टॅक्सच्या साइटवर आपलं २६एएस (पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता) उघडा. तिथे नोंद नसेल तर तो टीडीएस नव्हे, तुमचे पैसे कुणीतरी ठेवून घेतलेत.

खरा प्रकार कळला तो योगायोगाने. प्रायोजकाकडे हिशेब बघणाऱ्या गृहस्थांची मुलगी आमच्याकडे सरावाला येते. त्यांनी सहज विचारलं, "मॅडम, तुम्हा पंचांना पैसे बरे मिळतात हो आता?" आणि फोनवर माझंच व्हाउचर दाखवलं. रक्कम आठ हजार. सही माझी, निळ्या पेनाची, तिकिटावरून गेलेली. आकडा काळ्या पेनाने, दुसऱ्याच अक्षरात. बाकीच्यांची व्हाउचरंही तशीच. एसटीची तिकिटं खाली पिन करून, प्रवासखर्च वेगळा लावून. प्रायोजकाने प्रामाणिकपणे पैसे दिले होते आणि आमच्या तोंडाला पानं पुसली गेली होती.

मी सरांना फोन केला तर म्हणाले, "खेळासाठी एवढंही करायला नको का? आणि बदनामी करणार असाल तर राज्याच्या पॅनलवर तुमचं नाव कसं येतं ते बघतो." या एका वाक्यावर हे सगळं चालतं. नव्या पंचाला पुढच्या स्पर्धेचं बोलावणं हवं असतं, म्हणून तो मागच्या स्पर्धेचे पैसे सोडून देतो.

खेळाची सेवा म्हणून फुकट काम करायला मी आजही तयार आहे, पण तसं आधी सांगा आणि कुणाच्या हिशेबात माझ्या नावाने आठ हजार लावू नका. त्या स्पर्धेत एंट्री फी एका हत्याराला ८०० रुपये होती. ट्रॉफीवाला, फ्लेक्सवाला, मांडववाला, सगळ्यांचे पैसे त्याच आठवड्यात चुकते झाले. ज्यांच्यावाचून एकही बाउट होऊ शकत नाही ते तेवढे "नंतर बघू"मध्ये. याचे परिणाम दिसायला लागलेत. चांगले पंच येत नाहीत, मग क्लबचे कोचच उभे राहतात आणि स्वतःच्या विद्यार्थ्यांच्या बाउट स्वतःच देतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत खेळाडूच्या देशाचा पंच त्याच्या लढतीला ठेवत नाहीत. आपल्याकडे त्याच क्लबचा चालतो. नुकसान मुलांचं होतं, आणि ते मुलांना कळतं.

आता कुणी बोलावलं तर मी फोन ठेवल्यावर स्वतःच मेसेज टाकते: तारखा, रोजचा आकडा, प्रवासखर्च, पैसे कधी आणि कुणाकडून मिळणार. "बरोबर आहे ना सर?" असं विचारते आणि "हो" आल्याशिवाय तिकीट काढत नाही. व्हाउचरवर रक्कम अंकी आणि अक्षरी भरलेली नसेल तर सही नाही, आणि सही केली की लगेच फोटो. एसटीचं तिकीट देण्याआधी त्याचाही फोटो. पैसे समारोपाच्या आधी हातात किंवा खात्यावर. ज्याला हे चालत नाही त्याच्या स्पर्धेला जात नाही.

आम्ही काही जणांनी मिळून आयोजकांना रजिस्टर पोस्टाने मागणीपत्र पाठवलं आहे, त्याच्या प्रती जिल्हा संघटनेला आणि प्रायोजकाला दिल्या आहेत. प्रायोजकाने मूळ व्हाउचरं ताब्यात ठेवली आहेत. केलेल्या कामाच्या पैशासाठी दिवाणी दाव्याची मुदत तीन वर्षं आहे, ती अजून संपलेली नाही. त्या स्पर्धेत तुम्हीही पंच म्हणून उभे होतात आणि हजार रुपये घेऊन गप्प बसला असाल, तर उरलेल्या पैशांवरचा तुमचा हक्क गेलेला नाही. ते मेसेज डिलीट करू नका, जीपेचा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि आमच्या पत्रावर सही करायला या.