जहाज, पंचवीस शब्द की बोलता आरसा?

टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळाची (रोल-प्लेइंग गेम) नवी मोहीम, म्हणजे अनेक बैठकी चालणारी गोष्ट, रचताना नकाशा ठरतो, देव ठरतात, राजघराण्यांची भांडणंही ठरतात. राजधानीतली बातमी सीमेवरच्या गावात किती दिवसांनी पोचते, हे मात्र कुणी लिहून ठेवत नाही. मग पहिल्याच बैठकीत एक खेळाडू विचारतो, "राजाला कळवूया का?" आणि गेम मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि बाकी सगळ्या पात्रांच्या वतीने बोलणारा, घसा खाकरतो. फोंड्याला आमच्या रविवारच्या टेबलावर मी गेम मास्टर असतो; तिथे निरोप पोचवायचे तीन प्रकार खेळून झालेत, त्यावरून सांगतो.

आधी आरसा, म्हणजे कुणीही, कुणाशीही, केव्हाही बोलावं. ऐकायला झकास. आमची मंडळी दर बंद दारापाशी आरसा काढून सरदाराला विचारायची, "उघडू का?" चौथ्या बैठकीपर्यंत सरदाराच्या आवाजात बोलून माझा घसा बसला. शिवाय आरसे घरोघरी असतील तर जासूद कशाला हवेत? धर्मशाळेतल्या वावड्या कोण ऐकणार? आरशापलीकडे तिसराच कुणी कान लावून बसलाय, असं कथानक असेल तरच या वाटेला जा.

दुसरं टोक जहाजाचं. जादू असेल, पण निरोपाची नाही. याचा नमुना गोव्यात शोधावा लागत नाही. लिस्बनहून मार्च-एप्रिलात निघालेलं जहाज आफ्रिकेला वळसा घालून सप्टेंबरच्या सुमारास इथे लागायचं. पत्र जाऊन उत्तर यायला दीड वर्ष सहज. मधल्या काळात व्हाइसरॉय मेला तर? म्हणून वारसाचं नाव लिहिलेली सीलबंद पत्रं आधीच इकडे ठेवलेली असत. १५२४ च्या डिसेंबरात वास्को द गामा कोचीनला वारला, तेव्हा अशाच पत्रातून हेन्रिक द मेनेझिसचं नाव निघालं. १ डिसेंबर १६४० ला पोर्तुगालने स्पेनच्या राजाला झुगारलं, ते गोव्याला कळलं पुढच्या सप्टेंबरात. नऊ महिने इथला कारभार गादीवरून उतरलेल्या राजाच्या नावाने! ते सीलबंद पाकीट खेळाडूंच्या हाती द्या आणि गंमत बघा. अडचण एकच: मधले महिने उडवून पुढे जायची तुमच्या टेबलाची तयारी हवी. दर आठवड्याला मारामारी मागणाऱ्यांना हे रुचत नाही.

माझं मत मधल्या वाटेला. डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत 'सेंडिंग' हा तिसऱ्या पातळीचा मंत्र आहे. अंतर कितीही असो, ओळखीच्या माणसाला पंचवीस शब्द पाठवायचे, त्याने लगेच उत्तर द्यायचं. समोरचा दुसऱ्या लोकात असेल तर निरोप न पोचण्याची शक्यता पाच टक्के. पात्रांची पातळी मंत्रांहून वेगळी मोजतात; पाचव्या पातळीचा जादूगार हे करू शकतो. म्हणजे प्रत्येक दरबार असा एक माणूस पदरी बाळगणार आणि शत्रू आधी त्यालाच गाठणार. कथानक आपसूक उभं राहतं.

मात्र हा नियम इंग्रजीसाठी बेतलेला आहे. आमच्यात एकीने बिलाच्या पाठीमागे निरोप लिहिला: "पुलाखालून येतायत, वेशीवरच्यांना उठवा." चार शब्द! इंग्रजीत याला दहाच्या वर लागले असते. मराठीत खेळत असाल तर मर्यादा पंधरावर आणा, नाहीतर टंचाई जाणवतच नाही. पानिपताची बातमी नानासाहेबांना सावकारी पत्रातून कळली ती आठवा: दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. पंधरात सगळं पानिपत मावलं, वर ते सांकेतिकही.

लढाऊ गटासाठी चौथाही पर्याय आहे: ठरावीक बुरुजांवरच चालणारी जादू. १७९४ ला फ्रान्समध्ये पॅरिस ते लील अशी खांबांवरच्या हलत्या दांड्यांची साखळी चालू झाली होती. धुक्यात आणि रात्री ती आंधळी. बुरूज जिंकता येतो, जाळता येतो, खोटा निरोप द्यायला तिथल्या पहारेकऱ्याला फोडताही येतं. पुढची मोहीम मी यावरच बेततोय. जून ते सप्टेंबर बुरूज बंद, हा नियम सांगितला तेवढ्यात आमच्यातल्या एकाने विचारलं, "मग हल्ला जूनमध्येच करायचा ना?"