धुळ्यातल्या जुन्या गॅरेजची माती-पाणी तपासणी: नऊ महिन्यांनंतर

मुंबई-आग्रा रोडवरचं जुनं ट्रक गॅरेज गोडाऊनसाठी घ्यायचं ठरलं, तेव्हा सातबारा, एनए, टायटल सर्च सगळं आटोपलं होतं. माती आणि पाणी तपासून घ्या, हे बँकेच्या माणसाने सुचवलं. मला तो उगाच भुर्दंड वाटला. त्यात मालकाने बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट पुढे केला. टीडीएस, क्लोराइड, नायट्रेट, सगळं आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाच्या मर्यादेत. रिपोर्ट खोटा नव्हता, पण त्यात डिझेलची चाचणीच नव्हती.

म्हणून तपासणीला एजन्सी लावली, बाहेरगावची. पहिल्या दिवशी नुसती पाहणी आणि कागद. पाच ठिकाणी भोकं घ्यायची, चार कोपऱ्यांत आणि एक मधे, असा त्यांचा आराखडा. तो बदलला आमच्या म्हाताऱ्या वॉचमन बाबांमुळे. चहा पिता पिता ते शेडमागच्या मोकळ्या जागेकडे हात करून म्हणाले, "आठेच डिझेलनी टाकी व्हती, भाऊ." मालकाने हे कधी सांगितलं नव्हतं. मधलं भोक तिकडे सरकवलं आणि सगळा खर्च तिथेच वसूल झाला.

वर काळी माती, खाली मुरूम, मग पाषाण. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे वर सांडलेलं तेल भेगांतून सरळ खाली उतरतं. वरच्या थरात जवळपास काही नाही, पण तीन मीटरवर मुरमाला वास येत होता. टीपीएच, म्हणजे एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन, किलोमागे ६,२०० मिलिग्रॅम. बाकी चार भोकं स्वच्छ. बॅटऱ्यांच्या कोपऱ्यात शिसं निघेल अशी मला धास्ती होती, तिथे विशेष काही निघालं नाही.

रिपोर्टमध्ये तुलनेला डच (नेदरलँड्सच्या) मानकातला किलोमागे ५,००० मिलिग्रॅमचा आकडा लावला होता. तो मातीतल्या सेंद्रिय घटकानुसार कमी-जास्त करून वापरायचा असतो. तसं केलं नव्हतं. मी विचारल्यावर दुरुस्त करून दिलं, पण हे गिऱ्हाइकाने विचारावं लागतं?

पाण्याचं प्रकरण जास्त शिकवून गेलं. आमचा बोअर अडीचशे फूट, वरच्या भागात केसिंगचा बंद पाइप. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, ते वरच्या पाण्यावर तरंगतं. बोअर मात्र खालच्या पाषाणातल्या फटींमधून पाणी ओढतो. म्हणून तो स्वच्छ. त्यांनी टाकीच्या जागेजवळ जाळीचा पाइप टाकून उथळ निरीक्षण-बोअर घेतला, पण मे महिन्यात त्यातही तेल दिसलं नाही. मालक खूश. ऑक्टोबरमध्ये पाणी वर चढलं, तेलकट मुरमाला लागलं, आणि नमुन्यावर इंद्रधनुषी तवंग आला. एकाच मोसमातल्या नमुन्यावर सौदा करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

तक्रार एकच, पण मोठी. पावसाळ्यानंतरच्या फेरीला आलेला पोरगा कोल्ड्रिंकच्या बाटलीत पाणी भरायला लागला, तेही पाइपमधलं साचलेलं पाणी उपसून न टाकता. मी त्याला परत पाठवलं. तेलाचा नमुना काचेच्या बाटलीत घेतात. बेंझीन-टोल्युइनसारख्या उडून जाणाऱ्या घटकांसाठी छोटी कुपी काठोकाठ, हवेचा बुडबुडा न ठेवता. नंतर बर्फाच्या डब्यात. दुसऱ्यांदा आला तो माणूस नीट होता. लॅब एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असलेली असली तरी त्या मान्यतेत तुमची चाचणी आहे का हे वेगळं बघावं लागतं, आणि नमुना घेणाऱ्याच्या हातावर तर कुणाचीच मोहर नसते.

खर्च सगळा धरून सव्वा लाखाच्या आसपास. तो किमतीत कित्येक पटीने निघाला. सौदापावतीत टाकीच्या जागेचा उल्लेख, माती काढायचा खर्च विकणाऱ्याकडे, असं लिहून घेतलं. ही माती नाल्यात लोटता येत नाही, रांजणगावसारख्या घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रात न्यावी लागते, आणि धुळ्याहून तिथवरचं भाडं ऐकून मालकाचा चेहरा उतरला. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांचे नियम काढल्यापासून मला या जुन्या रिपोर्टची फाईल आणखी मोलाची वाटते. घाण माझ्या आधीची, हे दाखवायला तीच कामाची.

एजन्सीला पाचपैकी साडेतीन गुण. अर्धा त्या बाटलीचा कापला, एक उशिराचा. तीन आठवडे सांगितले, सहा लागले.

पांझरा नदीच्या बाजूला, उताराला शेजारच्या आप्पांची विहीर आहे. तिचा नमुना मागच्या आठवड्यात त्याच लॅबला दिलाय. आप्पा रोज संध्याकाळी विचारतात, अजून रिपोर्ट आलेला नाही.