एअर बेडच्या पंपाचा आवाज: पावसाळ्यापासूनच्या वापराचा अनुभव

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला मिरजेतील एका सर्जिकलच्या दुकानातून आम्ही सासूबाईंसाठी एअर बेड, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या रोग्याला दाबाने जखमा होऊ नयेत म्हणून वापरायची हवेची गादी, घेतला. पक्षाघातानंतर त्यांची उजवी बाजू लुळी पडली असून त्यांना स्वतःहून कूस बदलता येत नाही, त्यामुळे तेव्हापासून हा बेड त्यांच्या अंगाखालून निघालेला नाही. गादीने आपले काम चोख केले आहे, हे आरंभीच सांगते. रुग्णालयातून घरी आणताना माकडहाडावर जी लाली दिसत होती ती ओसरली, आणि टाचांची कातडी शाबूत आहे. माझी तक्रार गादीला हवा पुरवणाऱ्या पंपाच्या आवाजाविषयी आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण या किमतीचे जे पंप मी दुकानांत पाहिले त्यांची रचना इतकी सारखी होती, की खोक्यावरचे नाव बदलल्याने अनुभवात फारसा फरक पडेल असे वाटत नाही. मी तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकवते, त्यामुळे पुढील मजकुरात थोडे तांत्रिक विवेचन येणे अपरिहार्य आहे.

या गादीचे तत्त्व सोपे आहे. गादीवर हवेचे फुगवटे ओळीने असतात आणि त्यांचे एकाआड एक असे दोन गट केलेले असतात. पंपाला दोन तोंडे असतात. एका तोंडातून एक गट फुगत असताना दुसऱ्या गटातील हवा सुटत जाते, आणि काही मिनिटांनी उलट घडते. आमच्या गादीची अशी एक पूर्ण फेरी दहा-बारा मिनिटांची आहे. यूजीन लँडिस या शास्त्रज्ञाने १९३० साली निरोगी माणसांच्या नखालगतच्या केशवाहिन्यांतील दाब मोजला तेव्हा तो धमनीकडील टोकाशी सुमारे ३२ मिलिमीटर पारा इतका भरला होता. अंगाच्या वजनामुळे माकडहाडाखाली आणि टाचेखाली याहून कितीतरी अधिक दाब येतो, तेथील रक्तप्रवाह तुटतो आणि काही तासांत कातडी दगावू लागते. फुगलेल्या फुगवट्यावरचा दाब ३२ च्या खाली राहत नाही, परंतु प्रत्येक जागेवरून तो आळीपाळीने उठतो, आणि सारा उपयोग त्यातच आहे. म्हणून पंप अखंड चालला पाहिजे. तो बंद झाला की थोड्या वेळात हवा उतरते आणि रोगी प्लॅस्टिकच्या चादरीखालच्या कठीण पृष्ठभागावर टेकतो.

नेमका येथेच आवाजाचा प्रश्न गंभीर होतो. पंपाच्या खोक्यावर ‘सायलेंट’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते आणि दिवसा ते खरेही वाटले. रस्त्यावरची वाहने, स्वयंपाकघरातील भांडी आणि पंखा यांच्या आवाजात त्याची घरघर विरून जात असे. रात्री साऱ्या घराची निजानीज झाल्यावर मात्र तो एकसुरी घुमारा खोलीभर भरून राही. पहिल्याच आठवड्यात सासूबाई वैतागून म्हणाल्या, “अगं, बंद कर ना ते, डोकं भणभणतंय.” आम्ही तो बंद केला नाही. परंतु आमच्याकडे दिवसपाळीला येणाऱ्या मावशी सांगतात की त्यांनी आजवर ज्या ज्या घरी काम केले, तेथे रात्री झोपताना पंप बंद करून सकाळी उठल्यावर चालू करण्याची पद्धत त्यांना सर्रास दिसली. रोगी सर्वांत कमी हालचाल करतो आणि घरच्यांकडून कूस बदलून देणेही सर्वांत लांबते, ते याच सहा-सात तासांत. म्हणून या यंत्राच्या बाबतीत आवाज ही ऐषआरामाची बाब मानता येत नाही. आवाज सहन झाला नाही की उपचारच थांबतो, आणि उत्पादकाने तो दाबाच्या किंवा हवेच्या आकड्याइतकाच मूलभूत निकष मानायला हवा.

हा आवाज येतो कोठून, हे पाहण्यासारखे आहे. हवा ढकलण्यासाठी पंपात फिरणारी मोटार नसते. त्यात एक विद्युतचुंबक असतो, त्याच्या समोर टोकाला कायम चुंबक बसवलेली एक छोटी भुजा असते, आणि ती भुजा डायफ्रॅमला, म्हणजे रबरी पडद्याला, जोडलेली असते. विजेचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होतो, त्याबरोबर भुजा सेकंदाला ५० वेळा पुढेमागे हलते आणि डायफ्रॅम हवा ढकलतो. मत्स्यपेटीत बुडबुडे सोडणारा पंप याच जातीचा असतो. भुजेची हालचाल अगदी निर्दोष लयीत होत नसल्यामुळे ५० च्या जोडीने १००, १५०, २०० हर्ट्झचे (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपने) सूरही उमटतात, आणि कानाला जो घुमारा जाणवतो तो मुख्यतः या वरच्या सुरांचा असतो.

आता खरा मुद्दा असा की एवढीशी पेटी खालच्या सुरांचा मोठा आवाज स्वतः करूच शकत नाही. ५० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे ७ मीटर असते आणि पंपाची पेटी जेमतेम वीतभर. इतक्या लहान वस्तूला इतकी लांब लहर हवेत सोडणे फार अवघड असते. परंतु कंपनीने पंपाच्या पाठीला लोखंडी आकडे दिलेले आहेत आणि सूचनापत्रातील चित्रात पंप पलंगाच्या पायथ्याशी अडकवलेला दाखवला आहे. पलंगाचा पायथा म्हणजे पत्र्याची रुंद फळी. आमच्या मिरजेत तंबोरे होतात, त्यामुळे हे समजावून सांगायला मला दूर जावे लागत नाही: नुसती तार छेडली तर आवाज हातभर अंतरावर विरतो, तीच तार भोपळ्यावर चढली की दालन भरून टाकते. येथे तार म्हणजे पंप, आणि भोपळ्याचे काम रोग्याचा पलंग करतो. आकड्यांतून कंपने पत्र्यात जातात, पत्रा खोलीला ऐकवतो, आणि चौकटीतून ती उशीपर्यंत पोहोचतात ती वेगळीच. पलंगाच्या उशाकडील दांडीला हात लावला तेव्हा बोटांना स्पष्ट झिणझिण्या जाणवल्या. त्यात भर म्हणजे पलंगाचे डोके आपण भिंतीला लावतो, आणि बंद खोलीत अशा खालच्या सुरांचा दाब भिंतीलगतच सर्वाधिक असतो. खोलीच्या मध्यभागी उभ्या असलेल्या माणसाला जो आवाज सौम्य वाटतो, तो भिंतीजवळ डोके असलेल्या रोग्याला तितका सौम्य नसतो.

खोक्यावर ३० डेसिबलपेक्षा कमी असा आकडा होता, परंतु तो किती अंतरावरून आणि पंप कशावर ठेवून मोजला याचा उल्लेख कोठेही नव्हता. मऊ बैठकीवर ठेवलेल्या पंपासमोर मीटरभर अंतरावर तो आकडा खरा येतही असेल. शिवाय असे आकडे बहुधा ‘ए’ भारांकनाने दिलेले असतात. या पद्धतीत कानाला कमी जाणवणारे खालचे सूर वजा धरले जातात; ५० हर्ट्झला सुमारे ३० आणि १०० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल इतके ते कमी मोजले जातात. ही पद्धत चुकीची नाही, परंतु पलंगातून अंगाला जाणवणारी थरथर तिच्या हिशेबातच येत नाही. महाविद्यालयातील ध्वनिमापक घरी आणून मी तुलना केली, तेव्हा पलंगाला अडकवलेला आणि पलंगापासून वेगळा ठेवलेला पंप यांतील फरक ‘ए’ मापनात बेताचा आणि खालचे सूर जवळजवळ पूर्ण धरणाऱ्या ‘सी’ मापनात ठसठशीत दिसला. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत रुग्णकक्षातील रात्रीच्या सरासरी आवाजासाठी ३० डेसिबल ही मर्यादा सुचवलेली आहे. आपल्याकडील २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रुग्णालयांभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्राला रात्री ४० डेसिबलची मर्यादा आहे. बाहेरच्या कर्ण्यासाठी इतका विचार झाला आहे, आणि रोग्याच्या पायाशी टांगलेल्या यंत्राच्या खोक्यावर मात्र कोणताही आकडा छापून चालतो, हे मला पटत नाही.

यावर जो उपाय केला तो साधा आहे आणि आजतागायत टिकला आहे. पंप पलंगावरून काढून पायथ्याशी एका लाकडी स्टुलावर ठेवला. नुसता फोमवर ठेवून भागत नाही, कारण पंपाचे वजन इतके कमी आहे की फोम किंवा त्याला बसवलेले रबरी पाय दबतच नाहीत, आणि न दबलेले रबर कंपने जशीच्या तशी पुढे पाठवते. म्हणून ओट्याच्या कामातून उरलेला कडप्प्याचा एक तुकडा मऊ फोमवर ठेवला आणि त्यावर पंप ठेवला. दगडाच्या वजनाने फोम साधारण एक सेंटिमीटर दबला. इतके दबणे म्हणजे त्या रचनेची स्वाभाविक वारंवारता, अर्थात धक्का दिल्यावर ती स्वतःहून सेकंदाला जितक्या वेळा डुलेल तो आकडा, ढोबळमानाने ५ हर्ट्झच्या आसपास येते. प्रत्यक्षात फोम थोडा ताठ वागतो म्हणून ती काहीशी अधिक असेल, तरी ५० च्या मानाने ती पुष्कळ खाली राहते आणि कंपनांचा फार थोडा अंश स्टुलात उतरतो. नळ्या पलंगाला ताणून बांधल्या नाहीत, त्यांना सैल वळण दिले, अन्यथा कंपने त्यांच्या वाटेने जातात. आता रात्री दाराशी उभे राहिले तर पंप चालू आहे हे दिव्यावरून कळते. सासूबाईंनी पुन्हा तक्रार केलेली नाही, आणि त्या तक्रार राखून ठेवणाऱ्यांपैकी नाहीत.

हाच पंप काही रात्री अधिक आवाज का करतो, याचेही उत्तर मिळाले. मध्यरात्रीनंतर परिसरातील वापर घटला की आमच्याकडे विजेचा दाब २३० व्होल्टच्या बराच वर चढतो, विद्युतचुंबकाची ओढ वाढते, भुजेचा झोका मोठा होतो आणि घुमाऱ्यात खडखड मिसळते. म्हणजे जेव्हा शांतता हवी तेव्हाच पंप जोर करतो. वीज गेल्यावर जुना चौकोनी लहरींचा इन्व्हर्टर चालू झाला की आवाज एकदम कर्कश होत असे, कारण त्या लहरींत वरच्या सुरांचा भरणा असतो. पंप सात-आठ वॅटच खातो, तेव्हा त्याच्यापुरता लहान साइन वेव्ह (घरच्या विजेसारख्या गोलसर लहरींचा) इन्व्हर्टर घेणे परवडते, आणि ज्यांच्याकडे वीज वरचेवर जाते त्यांनी तो गादीबरोबरच घ्यावा असे माझे मत आहे.

हमीची मुदत संपल्यावर पंप उघडून पाहिला. भुजा एकच आहे. समोरासमोर हलणाऱ्या दोन भुजा दिल्या असत्या तर त्यांचे धक्के एकमेकांना बऱ्याच अंशी छेदले असते; मत्स्यपेटीच्या बऱ्या पंपांतही ही रचना आढळते. पंपाचा गाभा थेट प्लॅस्टिकच्या तळाला स्क्रूने आवळलेला आहे. तो चार मऊ रबरी कड्यांवर टांगता आला असता. हवा आत घेण्याचे छिद्र सरळ तळाशी उघडते. तेथे फेल्टची चकती आहे, पण आवाज वळणावळणाने जिरवणारी छोटी पोकळी नाही. दाब कमी-जास्त करण्याची कळ म्हणजे निव्वळ हवा सोडणारी झडप आहे, त्यामुळे कळ ‘सॉफ्ट’कडे फिरवली तर पंपाची मेहनत कमी होत नाही, उलट वर एक बारीक फुसफुस ऐकू येते. दोन गटांत हवा फिरवणारी झडप मायक्रोवेव्हची थाळी फिरवणाऱ्या मोटारीच्या जातीच्या एका छोट्या मोटारीवर चालते आणि तिचा काहीही त्रास नाही. लोखंडी आकड्यांऐवजी जाड निवारीचा पट्टा दिला असता तरी निम्मे काम झाले असते, आणि त्याला फारसा खर्चही आला नसता.

मोठ्या रुग्णालयांत हवा झिरपवणाऱ्या ज्या गाद्या असतात त्यांच्यात पंख्याचा ब्लोअर असतो. त्याचा आवाज अधिक असला तरी तो वाऱ्यासारखा पसरट असतो आणि पुष्कळांना घुमाऱ्यापेक्षा सुसह्य वाटतो. घरासाठी ती किंमत मला अवाजवी वाटते.

एअर बेड आणला म्हणजे कूस बदलण्यातून सुटका झाली असे मात्र कोणी समजू नये. ब्रिटनमधील ‘प्रेशर २’ या चाचणीत दोन हजारांहून अधिक रुग्ण होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत हवेची आलटून-पालटून फुगणारी गादी उच्च दर्जाच्या फोमच्या गादीपेक्षा सरस असल्याचे ठामपणे सिद्ध झाले नाही. ज्यांचा रोगी स्वतः थोडाफार हलतो त्यांनी डॉक्टरांना विचारून चांगल्या फोमचा पर्याय जरूर तपासावा. त्याला वीज लागत नाही आणि आवाज तर नाहीच. आम्ही दर दोन-तीन तासांनी सासूबाईंची कूस बदलतो, आणि अधूनमधून त्यांच्या माकडहाडाच्या बरोबर खाली गादीखालून तळहात सरकवून पाहतो. अंग आणि हात यांच्यामध्ये इंचभर तरी हवेचा थर जाणवला पाहिजे. हाड हाताला टेकले तर दाब कमी आहे असे समजावे.

आवाज दाबण्यासाठी पंप गोधडीत गुंडाळणे किंवा बंद खोक्यात ठेवणे हा उपाय मी मावशींकडून ऐकला आहे, तो करू नये. आतली उष्णता कोंडून डायफ्रॅमचे रबर लवकर कडक होते आणि हवा घेण्याचे छिद्रही बुजते. फेल्टची चकती महिन्या-दोन महिन्यांनी झटकावी. शांत असलेला पंप हळूहळू पुन्हा आवाज करू लागला तर प्रथम डायफ्रॅम आणि रबरी झडपा पाहाव्यात. आमच्या पंपाचा डायफ्रॅम दिवाळीच्या सुमारास बदलावा लागला आणि आवाज पूर्ववत झाला. हा सुटा भाग दुकानदाराकडे मिळतो का, हे खरेदीपूर्वीच विचारून घ्यावे. पंप दुकानात चालवून पाहताना तो काउंटरवर ठेवून ऐकू नये; विक्रीसाठी ठेवलेल्या लोखंडी पलंगाला त्याच्या आकड्यांवर अडकवायला सांगावे आणि उशाकडील दांडीवर हात ठेवून पाहावे.