ऑफ-सेंटर की ब्रॉकेज: पहिलं एरर नाणं कोणतं घ्यावं?

खिशात एकाच चांगल्या एरर नाण्याचे, म्हणजे टाकसाळीत छापताना चुकलेल्या नाण्याचे, पैसे असतील, तर शेवटी निवड बहुधा ऑफ-सेंटर आणि ब्रॉकेज या दोघांतच अडते. आमचं मत स्पष्ट आहे: पहिलं नाणं ऑफ-सेंटर घ्या, आणि त्यावर साल दिसायलाच हवं.

ऑफ-सेंटर असं होतं: कोरी चकती कॉलरमध्ये, म्हणजे तिला घेरून धरणाऱ्या कड्यात, नीट बसण्याआधीच ठसा पडला की छाप एका बाजूला सरकते आणि दुसरीकडे कोरी चंद्रकोर उरते. कॉलरचा आधार नसल्याने धातू पसरतो, म्हणून असं नाणं क्वचितच अगदी गोल असतं. ते पूर्ण गोल असेल आणि कडा चोहीकडे सारखी उठलेली असेल, तर कोणीतरी छाप घासून काढलेली असण्याची शंका घ्या. इथे वजन कामी येतं. इंदूरच्या सराफ्यात दिवसा कुठल्याही सोनाराच्या काट्यावर ठेवून पाहा: जुनं तांबे-निकेलचं ५ रुपयांचं नाणं ९ ग्रॅमचं. छाप सरकली म्हणून धातू कमी होत नाही. घासलं की होतो.

ब्रॉकेज जास्त दुर्मीळ, आणि पूर्ण असेल तर महागही. आधीचं नाणं ठशालाच चिकटून राहतं आणि पुढच्या चकतीवर त्याचीच छाप बसते. एका बाजूला सिंह उठावदार, दुसऱ्या बाजूला तेच सिंह खोलगट, ‘सत्यमेव जयते’ आरशातल्यासारखं उलटं. अडचण अशी की दोन नाणी व्हाइसमध्ये, म्हणजे लोखंडी शिकंज्यात, दाबूनही उलटी अक्षरं उमटवता येतात, आणि वजन तेवढंच राहतं, त्यामुळे काटा इथे मदत करत नाही. दहा पट भिंगाखाली पाहा. दाबलेल्या नाण्यात उलट्या अक्षरांखाली मूळ आकडा किंवा नक्षी पुसट डोकावते आणि पाठची बाजू चपटलेली असते. खऱ्या ब्रॉकेजची उठावदार बाजू ठसठशीत असते. हे नजरेत बसायला बरीच नाणी हाताखालून जावी लागतात, म्हणून ते दुसऱ्या खरेदीसाठी ठेवा.

ऑफ-सेंटरमध्ये छाप ५–१० टक्के सरकलेली असेल तर फार पैसे मोजू नका. निम्म्याच्या आसपास सरकूनही साल शाबूत असेल तर भाव चढतो. विक्रेता सांगतो तो भाव धरू नका, लिलावात तसं नाणं प्रत्यक्ष कितीला गेलं ते पाहा. चिंच लावून चकचकीत केलेलं नाणं सोडून द्या.

कडेचा तुकडा गेलेलं क्लिप नाणं स्वस्तात मिळतं. त्यात तुटीच्या बरोबर समोरची कडा बहुधा फिकी असते. ती भरदार असेल तर नाणं नंतर कोणीतरी कापलेलं असण्याची शक्यता जास्त.

इंदुरात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. इथल्याच मल्हारनगर टाकसाळीच्या सूर्यमुखी होळकरी रुपयावर छाप सरकलेली असणं ही चूक नव्हे. ठसा चकतीपेक्षा मोठा, घाव हातोड्याचा. अर्धी अक्षरं बाहेर जायचीच. तिथे मात्र सूर्य आणि साल पूर्ण बसलेल्या रुपयालाच जास्त पैसे द्या.