किंग एअरच्या इंजिनाचा तासावारी प्लॅन: नाहीच घेतला
आमचं तिघांत मिळून घेतलेलं जुनं किंग एअर सी९० हे छोटं विमान, टेक्सासला असतं, दोन पीटी६ए-२१ इंजिनं. ओव्हरहॉल (इंजिन पूर्ण खोलून दुरुस्ती) ३६०० तासांना, मध्ये १८०० ला हॉट सेक्शन, म्हणजे इंजिनाच्या तापणाऱ्या भागांची तपासणी. इंजिनाच्या देखभालीचे प्लॅन विकणारे म्हणतात दर इंजिनाचे तासाला इतके असे आधीच भरत राहा, मोठा खर्च आला की आम्ही बघू. ऐकायला भिशीसारखं गोड! पण आम्ही वर्षाला उडवतो जेमतेम ९० तास आणि कोटेशनमध्ये धरलेत किमान १५०, शिवाय प्लॅन घेण्याआधी उडालेल्या तासांचे पैसे वेगळे, नाहीतर ओव्हरहॉलला कव्हर तेवढं कमी. ३०० तास उडवणाऱ्याला किंवा लवकर विकायचंय त्याला ठीक आहे. आम्ही तेच पैसे वेगळ्या खात्यात टाकतोय. इंजिनात पक्षी गेला, गंज लागला तर कोण भरणार ते मात्र सहीआधी विचाराच.