‘ट्वेंटी डेज इन मारियुपोल’: बातमीत न मावलेलं फुटेज

एपी (असोसिएटेड प्रेस) या वृत्तसंस्थेचे युक्रेनी व्हिडिओ वार्ताहर मस्तिस्लाव चेर्नोव्ह यांचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा माहितीपट, २०२४चा ऑस्करविजेता. खरी कमाल मिशेल मिझनर यांच्या संकलनाची.

मार्च २०२२मध्ये रशियन सैन्याचा वेढा पडलेल्या मारियुपोल या युक्रेनी शहरात नेटवर्क जवळपास संपलं होतं. लुटल्या गेलेल्या एका दुकानाबाहेर, जिन्याखाली काय ती रेंज मिळे. तिथून जेमतेम काही क्लिप्स बाहेर जात आणि जगाला तेवढंच दिसे. माहितीपटात आधी लांबलचक मूळ शॉट येतो, मग त्याच घटनेची वाहिन्यांवरची काही सेकंदांची बातमी. ९ मार्चच्या प्रसूतिगृहावरील हल्ल्यात हा फरक अंगावर येतो. पळताना हललेली चौकट, ‘हे चित्रित करा’ म्हणणारे डॉक्टर, बातमीत सहसा कापलं जाणारं सगळं इथे ठेवलंय.

निवेदन मुद्दाम सपाट आहे, ते चालतं; पण कधीकधी दिसतंय तेच सांगतं. पार्श्वसंगीत मात्र नकोच होतं, तोफांचे आवाज पुरेसे होते.

अवधी साधारण दीड तास. मोबाइलवर पाहू नका, अंधाऱ्या तळघरांतले तपशील हरवतात. लहान मुलांचे मृत्यू थेट दाखवले आहेत, त्यामुळे घरात सगळ्यांसमोर लावण्याआधी विचार करा.